अकरा आकडी नंबर आणि माझे ८,५०० रुपये

आठ हजार पाचशे रुपये. आकडा आधीच सांगून टाकते, कारण घरात सासूबाईंना अजून मी चारच हजार सांगितलेत. उरलेल्या साडेचार हजारांचं तोंडातून निघत नाही.

तहसील कचेरीच्या फाटकाबाहेर टेबल टाकून बसणारी माणसं तुम्ही पाहिली असतीलच. 'रेशनकार्ड ऑनलाइन करून मिळेल, नाव चढवून मिळेल.' अशांच्या नादी लागू नये हे मलाही माहीत होतं. मी अडाणी नाही, बारावी झालेली आहे. घरी ब्लाउज आणि फॉल-पिको करते, हिशेब मीच ठेवते. तरी मी त्या टेबलापाशी का गेले, ते आधी ऐका.

आमचं कार्ड केशरी आहे. केशरी कार्डावर धान्य मिळतंच असं नाही, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. त्यावर 'प्राधान्य कुटुंब' असा शिक्का असेल तरच माणशी पाच किलो मिळतं, आणि तेही १ जानेवारी २०२३ पासून फुकट. आम्ही घरात पाच माणसं, म्हणजे महिन्याला पंचवीस किलो. नवऱ्याचं कंपनीतलं काम सुटल्यावर हे पंचवीस किलो म्हणजे घरभाड्याइतकीच मोठी गोष्ट झाली होती. शहरी भागात प्राधान्य कुटुंबासाठी वर्षाला ५९,००० रुपयांची मर्यादा आहे, आमच्या दाखल्यावर ५४,००० आहे. म्हणजे आम्ही बसतो. हक्काने बसतो.

मी तीन वेळा पुरवठा शाखेत गेले. पहिल्यांदा 'साहेब दौऱ्यावर', दुसऱ्यांदा 'सर्व्हर डाउन', तिसऱ्यांदा 'इष्टांक संपलाय'. इष्टांक म्हणजे किती लोकांना धान्य द्यायचं याची ठरवून दिलेली संख्या. महाराष्ट्राला ती ७ कोटी १६ हजार आहे आणि ती बांधली आहे २०११ च्या जनगणनेवर. माझी दोन्ही मुलं त्या जनगणनेनंतर जन्मली. इष्टांक संपला असेल तर निदान अर्ज तरी घ्या, प्रतीक्षेत ठेवा, असं मी म्हटलं. बाईंनी मान वर न करता सांगितलं, "बाहेर विचारा, बाहेर करून देतात."

हे वाक्य कचेरीतल्या माणसाच्या तोंडचं आहे. मी बाहेर गेले ते मला बाहेर पाठवलं म्हणून.

तो माणूस तिशीचा असेल. गळ्यात निळ्या पट्टीचं ओळखपत्र होतं. त्यावर काय लिहिलंय ते मी वाचलं नाही. माझ्यासमोर एक शिपाई येऊन त्याच्याकडून कसलासा कागद घेऊन आत गेला, तेवढं पाहून माझी खात्री पटली. तो 'ताई, ताई' करत होता. फॉर्म आणि झेरॉक्सचे ३०० रुपये घेतले. उत्पन्नाचा दाखला नव्याने काढावा लागेल म्हणाला, त्याचे ७०० घेतले. या दाखल्याची सरकारी फी दोन आकडी असते, हे मला नंतर सेवा केंद्राच्या भिंतीवरच्या दरपत्रकात दिसलं. आठवड्याने म्हणाला, एका कुटुंबाचं नाव कमी होतंय, त्या जागी तुम्हाला बसवतो, पण आतल्या साहेबांचे २,५०० रोख लागतील. तेही दिले. दिवाळीच्या शिलाईचे होते.

इथे मला कुणी 'लाच दिलीस' म्हणणार असेल तर म्हणा. पोरांच्या ताटातलं धान्य आणि अडीच हजार रुपये यांत मी धान्य निवडलं. पण हेही सांगते, 'साहेबांचे' म्हणून जो पैसे मागतो त्याची साहेबाशी ओळख असेलच असं नाही. त्या नावावर पैसे मागणं सोपं असतं, कारण आपण नंतर तक्रार करायला लाजतो. माझ्या बाबतीत तेच झालं.

मग आलं ई-केवायसी, म्हणजे कार्डावरचा माणूस खरा आहे का ते आधारवरून तपासणं. त्याचे ५०० रुपये. मोबाइलला जोडलेलं अंगठ्याचं छोटं मशीन त्याने काढलं. आधार नंबर घातला. आणि विचारलं, "ताई, बँक कुठली तुमची?"

हाच तो क्षण. गेले दोन महिने झोपताना मला हाच प्रश्न ऐकू येतो. रेशनच्या केवायसीला बँकेचं नाव कशाला लागेल? अंगठा जुळला की माणूस खरा ठरला, विषय संपला. बँकेचं नाव, आधार नंबर आणि अंगठा, या तीन गोष्टी एकत्र लागतात त्या आधारवरून खात्यातले पैसे काढायला. गावाकडे बँकमित्राकडे आईचे पैसे मी स्वतः असेच काढलेत, दहा वेळा काढलेत. म्हणजे मला हे ठाऊक होतं. ठाऊक असून मी बँकेचं नाव सांगितलं.

विचारलं नव्हतं असंही नाही. "बँक कशाला?" असं मी म्हटलंच. तो लगेच म्हणाला, "काही जिल्ह्यांत धान्याऐवजी खात्यात पैसे येतात ना, म्हणून." आणि ते खरं आहे! मराठवाडा आणि विदर्भातल्या काही जिल्ह्यांत केशरी कार्डाच्या शेतकऱ्यांना धान्याऐवजी माणशी पैसे द्यायला २०२३ मध्ये सुरुवात झाली. माझ्या मावशीला सुरुवातीला माणशी दीडशे मिळत होते. उत्तरात निम्मं खरं असलं की बाकीचं आपणच भरून घेतो.

मग अंगठा लागेना. माझ्या बोटांच्या रेषा सुईने आणि भांड्याच्या पावडरीने झिजल्यात, आधार केंद्रातसुद्धा पंचाईत होते. तो म्हणाला, "ताई, उमटत नाहीये, पुन्हा लावा." मी पदराला बोट पुसून पुन्हा लावलं. मागे रांग होती, मला माझ्याच बोटांची लाज वाटत होती. चार वेळा लावलं. मोबाइलची स्क्रीन पूर्ण वेळ त्याच्याकडे होती. एकदाही मी 'इकडे करा, बघू द्या' म्हटलं नाही. स्क्रीन दाखवत नसेल त्याच्या मशीनवर बोट ठेवू नका, मग तो कुणीही असो. 'लागला नाही' म्हटलं की तो खरंच लागला नाही ना, ते डोळ्यांनी बघा.

त्या चारांतले दोन लागले होते. एकदा ३,००० आणि एकदा १,५००. लाडक्या बहिणीचे तीन हप्ते मी मुलीच्या फीसाठी खात्यात तसेच ठेवले होते. मेसेज आला नाही, कारण खात्याला नवऱ्याचा जुना नंबर जोडलेला आणि तो रिचार्ज न केल्यामुळे बंद. हे आजच्या आज तपासा, खात्याला कुठला नंबर आहे ते.

आठ दिवसांनी त्याने कार्ड परत दिलं. जांभळ्या शाईत 'प्राधान्य कुटुंब' असा शिक्का, खाली पेनाने लिहिलेला नंबर. "बारा अंकी नंबर पडला, ताई. उद्यापासून धान्य." मी घरी येऊन कार्ड देवापुढे ठेवलं.

दुसऱ्या दिवशी पिशव्या घेऊन रेशन दुकानात गेले. दुकानदारांनी कार्ड हातात घेतलं, पॉस मशीनवर आकडे टाकायला लागले आणि थांबले. म्हणाले, "वहिनी, हा अकरा आकडीच आहे." त्यांनी बोट ठेवून मोजून दाखवले. खरंच अकरा. मी दिवसभर टेपने मापं घेते, पाव इंच इकडचा तिकडे होऊ देत नाही, आणि ज्या नंबरसाठी चार हजार मोजले तो मी मोजला नाही. शिक्काही बनावट निघाला. मागे उभ्या बायका ऐकत होत्या. रिकाम्या पिशव्या घेऊन त्यांच्यातून बाहेर पडायचं कसं, ते मला विचारू नका.

केवायसीबद्दल दुकानदार तिथेच बोलले: ते दुकानातल्याच मशीनवर होतं, एक रुपया लागत नाही. 'मेरा ई-केवायसी' या सरकारी ॲपवर चेहरा दाखवूनही होतं. पाचशे रुपये! तेव्हाच त्या अंगठ्याची भीती वाटली आणि मी तशीच बँकेत गेले. पासबुक छापून आलं, शिल्लक बारा रुपये.

त्याचा फोन बंद. टेबल जागेवर नाही.

आता कचेऱ्यांचं सांगते. बँकेत म्हणाले, "आधारने काढलेत, अंगठा तुमचाच आहे, आम्ही काय करणार?" मी म्हटलं, अंगठा माझा आहे पण पैसे माझ्या हातात आले नाहीत. लेखी तक्रार घ्यायला त्यांनी दोन दिवस लावले. रिझर्व्ह बँकेचं २०१७ चं परिपत्रक आहे: अशा परक्या माणसाने केलेल्या व्यवहाराची तक्रार, बँकेकडून कळल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत केली तर ग्राहकावर भार येत नाही. माझे दिवस कधीपासून मोजायचे, यावरच त्यांचा माझा वाद चालू आहे, कारण मेसेज 'पाठवलेला' होता, बंद नंबरवर.

पोलीस ठाण्यात साहेबांनी विचारलं, पावती आहे का? अशा माणसाची पावती असते का कुठे? ७०० आणि ५०० मी फोनवरून पाठवले होते, त्या १,२०० चा पुरावा आहे. स्कॅन करताना नाव भलत्याच बाईचं आलं होतं, तेही मी तेव्हा पाहिलं आणि सोडून दिलं. अडीच हजार कशाचे म्हणून विचारल्यावर मी खरं सांगितलं, तर म्हणाले, "म्हणजे लाच देत होता तुम्ही. लिहू का असं?" मी गप्प झाले. मला गप्प करायलाच ते विचारलं होतं. साध्या अर्जावर पोच दिली, गुन्हा नोंदवला नाही. १९३० या सायबर फसवणुकीच्या तक्रार नंबरवर फोन केला, तिथे निदान तक्रार क्रमांक मिळाला, पण तिथल्या मुलीने हळूच सांगितलं, पैसे गेल्यावर काही तासांत फोन आला तर अडवता येतात. मी नवव्या दिवशी केला. तुम्ही घरच्यांना सांगायच्या आधी १९३० ला सांगा.

आणि पुरवठा शाखा. "तो आमचा माणूस नाही." नसेल. पण तो तुमच्या फाटकात सहा महिने बसतो, तुमचा शिपाई त्याच्याकडून कागद नेतो, तुमच्या टेबलावरून बायकांना त्याच्याकडे पाठवतात, तुमच्या नावाचा शिक्का तो मारतो. तुमचा नसेल तर एकदा तरी उठवलात का त्याला? फाटकाशी 'दलालांपासून सावध राहा' अशी पाटी आहे, आणि तिच्याच सावलीत त्याचं टेबल होतं. बनावट शिक्क्याचं कार्ड मी त्यांच्यापुढे ठेवलं तर ते म्हणाले, कार्ड जमा करा. मी केलं नाही. एकमेव पुरावा तो आहे. तुमच्याकडूनही मागितला तर झेरॉक्स द्या, मूळ देऊ नका.

२०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यात कलम १५ प्रमाणे प्रत्येक जिल्ह्याला तक्रार निवारण अधिकारी असतो, हे मला भाच्याने शोधून दिलं. कचेरीत कुणीही सांगितलं नाही. १९६७ हा रेशनचा तक्रार नंबरही तसाच, दुकानाच्या पाटीवर असतो आणि आपण वाचत नाही. त्या अधिकाऱ्याकडे टपालाने तक्रार गेली आहे, पोचपावती माझ्याजवळ आहे. आधारचं बायोमेट्रिकही मी लॉक करून टाकलं. ॲपवर दोन मिनिटांत होतं. रेशनच्या अंगठ्यापुरतं उघडायचं, पुन्हा बंद करायचं.

मागच्या सोमवारी मी परत पुरवठा शाखेत गेले, भाच्याला घेऊन. त्याच बाई होत्या. मी म्हटलं, इष्टांक नसेल तर 'इष्टांक नाही' असं लिहून सही करून द्या, नाहीतर अर्ज घ्या. त्यांनी अर्ज घेतला. आवक क्रमांक टाकला, तारखेचा शिक्का मारला, माझ्या प्रतीवर सही केली. या सगळ्याला अर्धा तास लागला. पैसे कुणीही मागितले नाहीत.