गोल्डफिश की गप्पी?
कोल्हापुरात पहिली टाकी घेणारे बरेच जण काचेच्या गोल भांड्यातला गोल्डफिश बघून भुलतात. माझं मत स्पष्ट आहे: दोन फुटांच्या टाकीसाठी गप्पीच घ्या.

गोल्डफिश दुकानात बोटाएवढा दिसतो, पण साधा लांबट जातीचा नीट वाढला तर २० सेंटीमीटरच्या पुढे जातो आणि १० वर्षांहून जास्त जगू शकतो. खातो भरपूर, घाणही तितकीच करतो. त्यातून पाण्यात अमोनिया साठतो आणि कल्ल्यांना इजा होते. मोठी टाकी, दमदार फिल्टर आणि दर आठवड्याला थोडं पाणी बदलणं जमणार असेल, तरच तो आणावा. शिवाय तो थंड पाण्याचा मासा. एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात पाणी तापलं की त्यातला प्राणवायू कमी होतो आणि बिचारा वर येऊन धापा टाकतो.

गप्पीला २२ ते २८ अंश मानवतं. थंडीत पेठेतल्या जुन्या घरात पहाटे पाणी गार पडलं, तर छोटा हीटर पुरतो. मादी अंडी न घालता थेट पिल्लंच देते, साधारण महिन्याला एकदा. दुकानातून येतानाच ती बहुधा गाभण असते. म्हणून नुसते नर ठेवा, रंगीत शेपट्या त्यांच्याच. जास्त झालेली पिल्लं रंकाळ्यात किंवा पंचगंगेत कृपा करून सोडू नका, ती तिथल्या देशी माशांच्या मुळावर येतात.

दोन्ही एकत्र तर नकोच, मोठा झालेला गोल्डफिश गप्पी गिळतो. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन मात्र दोघांनाही घातक, तेव्हा पाणी बादलीत दिवसभर उघडं ठेवून मगच टाकीत ओता.