बोलोन्याच्या पास्ता शाळेत चार आठवडे

चालती नोकरी सोडून इटलीतल्या बोलोन्याला पास्ता शिकायला यावं का, आणि मी केलेला कोर्स कसा आहे, हे मला आतापर्यंत तिघींनी विचारलं. प्रत्येकीला फोनवर तेच सांगण्यापेक्षा एकदा सविस्तर लिहिते. शाळेचं नाव देणार नाही, कारण एक तक्रारही मांडायची आहे.

मी पंधरा वर्षं ऑडिटमध्ये काढली. नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही बोलोन्याला आलो आणि त्रेचाळिसाव्या वर्षी मी हातात मात्तारेल्लो घेतला. मात्तारेल्लो म्हणजे इथलं लाटणं, जवळजवळ मीटरभर लांब. चार आठवड्यांचे अडीच हजार युरो भरले. शिकवणीपुरतं म्हणाल तर पै न् पै वसूल झाली.

पहिला आख्खा आठवडा फक्त स्फोल्या, म्हणजे अंड्याच्या पिठाची मोठी पातळ पोळी. १०० ग्रॅम बारीक मैद्याला एक अंडं. पाणी नाही, तेल नाही, मीठसुद्धा नाही. मळून अर्धा तास झाकून ठेवायचं आणि मग लाटायला घ्यायचं. पोळ्या लाटून तयार झालेला हात आहे, जमेल, असं मी धरून चालले होते. नेमका तोच हात आडवा आला. पोळी लाटताना आपण कडेला दाब देतो आणि पोळी आपसूक फिरते. इथे दाबून भागत नाही. पीठ लाटण्यावर गुंडाळून घ्यायचं, दोन्ही तळवे मधून टोकांकडे सरकवत ते ताणायचं, उलगडायचं, थोडं फिरवायचं, पुन्हा गुंडाळायचं. आम्हाला शिकवणाऱ्या बाई सत्तरीच्या, लहानपणापासून हेच काम केलेल्या. मागे येऊन माझ्या हातांवर स्वतःचे हात ठेवायच्या आणि म्हणायच्या, "ताण, दाबू नकोस." त्यांच्या तळव्यांत जोर जवळजवळ नसायचाच. ते मला सांगून कळलं नसतं.

इथे म्हणतात की स्फोल्या उजेडात धरली की तिच्यातून सान लूका दिसलं पाहिजे. सान लूका म्हणजे शहराबाहेरच्या टेकडीवरचं चर्च. अकराव्या दिवशी मी माझी स्फोल्या खिडकीशी धरली. चर्च त्या खिडकीतून दिसतच नाही, पण गजांच्या रेघा आणि पलीकडून धरलेली माझी बोटं स्वच्छ दिसली. बाईंनी काही न बोलता कडेचा एक जाड राहिलेला भाग चिमटीत धरून दाखवला. त्या दिवशी मला पक्कं कळलं की मला हेच काम करायचं आहे.

लाकडाच्या फळीचा हट्ट का, हेही त्यांनी नीट समजावलं. लाकडावर लाकडाच्या लाटण्याने लाटलेली स्फोल्या किंचित खरखरीत राहते आणि रागू, म्हणजे मांसाचा दाट रस्सा, तिला धरून बसतो. स्टीलच्या ओट्यावर ती गुळगुळीत होते, मग रस्सा ताटलीत आणि पास्ता वेगळा. ताल्यातेल्लेची, म्हणजे स्फोल्या कापून केलेल्या लांब फितींची, रुंदी शिजल्यावर ८ मिलिमीटर हवी, हे १९७२ साली इथल्या चेंबर ऑफ कॉमर्समध्ये रीतसर नोंदवलेलं आहे. शिजताना पास्ता फुगतो, म्हणून कच्चा त्याहून अरुंद कापायचा. बाई एक फीत शिजवून फूटपट्टीनेच मोजायला लावत. माझ्यातल्या ऑडिटरला हे फार आवडलं.

तोर्तेल्लीनीला, म्हणजे सारण भरून वळलेल्या इवल्या पास्त्याला, मात्र कोर्समध्ये वेळ अपुरा आहे. सारणाचं साहित्य १९७४ सालापासून नोंदलेलं: डुकराचं मांस, प्रोश्युत्तो आणि मोर्तादेल्ला (हेही डुकराच्या मांसाचेच प्रकार), पार्मिजानो चीज, अंडं, जायफळ. शाकाहारी असाल तर हे हाताळायची तयारी आहे का, ते आधीच ठरवा. रिकोटा चीजचे तोर्तेल्लोनी (त्यांचाच मोठा प्रकार) करायला मिळतात, पण पास्ताच्या दुकानाचं पोट तोर्तेल्लीनीवर चालतं. चौकोनाचा त्रिकोण करून बोटाभोवती वळवायचा. शेवटच्या दिवशी मी तासाला दीडशे वळत होते. आज जिथे काम करते तिथल्या बायका गप्पा मारत याच्या दुप्पट करतात.

आता तक्रार. माहितीपत्रकात 'दोन आठवडे प्रत्यक्ष दुकानात काम' असं होतं. प्रत्यक्षात चारच दिवसांच्या सकाळी मिळाल्या, त्याही बहुतेक ट्रे धुण्यात गेल्या. विचारलं तर दुकानांना सवड नव्हती म्हणाले. पैसे घेताना हे सांगायला हवं होतं. आणि शेवटी मिळणारं प्रमाणपत्र म्हणजे नोकरीची किल्ली, असा जो भास करून देतात, तो तर मला अजिबात पटला नाही. दुकानात उभं राहायला अन्नस्वच्छतेचं वेगळं प्रशिक्षण लागतं. युरोपबाहेरून आलेल्यांना ९० दिवसांपुढे राहायला परवाना लागतो. विद्यार्थी परवान्यावर आठवड्याला २० तासच काम करता येतं. मी कुटुंबाच्या परवान्यावर आहे, त्यावर काम चालतं, म्हणून माझं निभावलं. आमच्या वर्गातली ब्राझीलची मुलगी माझ्यापेक्षा सरस लाटायची, तिला याच कारणाने परतावं लागलं. याचं मला अजून वाईट वाटतं.

भाषेचंही तसंच. वर्गात इंग्रजी चालतं, दुकानात नाही. किमान सहा महिने इटालियन शिकून या.

यायचंच असेल तर ऑक्टोबर-नोव्हेंबरची तुकडी धरा. नाताळला इथे घरोघरी सूपमध्ये घालायला तोर्तेल्लीनी लागतात, त्यामुळे डिसेंबरात प्रत्येक दुकानाला हात कमी पडतात. मी कोर्स संपल्यावर तिसऱ्या दिवशी डब्यात माझे तीस तोर्तेल्लीनी घेऊन एका दुकानात गेले. मालकिणीने दोन उचलून उजेडात पाहिले, एकाची घडी नखाने उघडली आणि दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला यायला सांगितलं.