झाडं ओळखायचं ऍप: एका पिवळ्या फुलानं केलेला घोळ (5 पैकी 3 स्टार)

ऍपचं नाव मुद्दाम लिहीत नाही, पण फोटो काढा आणि लगेच झाडाचं नाव मिळवा असल्या जाहिराती तुमच्याही मोबाईलवर येत असणार, त्यातलंच एक. मी घेतलं ते एका तणापायी. कोल्हापुरात राजारामपुरीत आमच्या पार्किंगमध्ये पेव्हिंग ब्लॉकच्या फटीतनं एक रोप येतंय, पानं जमिनीला चिकटून गोल पसरलेली, मधनं वीतभर दांडी आणि वर पिवळी फुलं. तीन वर्षं झाली उपटतोय, पानं हातात येतात, मूळ आतच राहतंय आणि परत हजर.

पहिला फोटो नुसत्या फुलाचा दिला, एकदम भारी क्लोजअप. उत्तर आलं डँडेलियन! म्हटलं परदेशी पाहुणा आला की आपल्या दारात. आईला दाखवलं तर ती म्हणाली, "कसलं काय रे, पाथरी हाय ती, उपटून टाकलीस व्हय सगळी?" शेजारचे काका आधीपास्नं सोनकी म्हणत होते (त्यांना मसाई पठारावरनं आल्यापास्नं सगळंच पिवळं सोनकी दिसतंय).

मग नीट बघायला बसलो. पान तोडलं की पांढरा चीक येतो, म्हणजे सोनकी बाद, चिकणा आणि पेटारी ही पिवळ्या फुलांची तणं पण बाद, त्यांना असला चीक नसतो. राहिलं डँडेलियन. पण त्याची दांडी पोकळ, एकाच दांडीवर एकच फूल, फांदी नाही. आमच्या रोपाच्या दांडीला फांद्या फुटलेल्या, फुलं बारकी आणि बरीच, शिवाय बुडातनं धावते फुटवे निघून पुढच्या फटीत नवीन रोप तयार. कुळ दोघांचं एकच, सूर्यफुलाचं, बी पण तसंच म्हातारीसारखं उडणारं, त्यामुळं नुसत्या फुलावरनं ऍप फसलं तर त्याला तरी काय बोलणार.

दुसऱ्या दिवशी लोकेशन चालू केलं (पहिल्यांदा बंद होतं, चूक माझी) आणि पाच फोटो दिले, अख्खं रोप वरनं, पानाची दातेरी कड, फूल मागनं, दांडीच्या फांद्या आणि बुडातले फुटवे. तेव्हा यादीत पहिलं नाव आलं लॉनिया प्रोकम्बेन्स, म्हणजेच आईची पाथरी. दुपारी फोटो काढू नका, आमच्याकडची फुलं तोवर मिटलेली असायची, सकाळी चहा झाला की जावा.

मराठी नाव मात्र ऍपमध्ये कुठंच नाही, आणि ही भाजी आहे हे पण नाही. आमच्यात कोवळी पानं धुऊन कच्चीच भाकरीबरोबर खातात, जराशी कडसर, नाहीतर मूगडाळ घालून परततात. म्हशीला घातली की दूध वाढतं असं आई म्हणते. पण ऍपच्या भरवशावर काही खायला जाऊ नका, कारण पहिल्या दिवशी यादीत तिसऱ्या नंबरवर सेनेसिओ म्हणून वनस्पतींचा एक गट आहे त्यातलं एक नाव होतं आणि त्या गटातल्या बऱ्याच जाती लिव्हरला वाईट, जनावरांना सुद्धा.

फुकटात काम भागवायचं तर आयनॅचरलिस्ट नावाच्या साइटवर फोटो टाका, तिथं माणसं बघून नाव सांगतात, वेळ लागतो पण चालतंय. आणि वाचायची आवड असंल तर यादव आणि सरदेसाई यांचं कोल्हापूर जिल्ह्यातल्या वनस्पतींवरचं जाडजूड इंग्रजी पुस्तक शिवाजी विद्यापीठानं 2002 ला काढलंय, लायब्ररीत मिळालं तर बघा.

एक स्टार कापला तो मराठी नावासाठी, दुसरा पैशासाठी. सात दिवस ट्रायल म्हणतात आणि आठव्या दिवशी वर्षाचे पैसे कट, माझे गेले. घेतलंच तर पहिल्याच दिवशी प्ले स्टोअरच्या सबस्क्रिप्शनमध्ये जाऊन कॅन्सल करून टाका, ट्रायल तरीबी पुरी चालते.