प्रॉमच्या जोड्यांसाठी एक मोठा ऑक्टाबॉक्स की दोन छत्र्या?

इथे न्यू जर्सीत मे-जूनमध्ये हायस्कूलच्या प्रॉमची, म्हणजे वर्षअखेरच्या नाचाच्या पार्टीची, फोटोची कामं येतात, फ्लॅशचे हे दोन्ही सेटअप मी लावून बघितलेत म्हणून लिहितोय. फोटो सुंदर कुठला म्हणाल तर ऑक्टाबॉक्स, म्हणजे फ्लॅशवर लावायचा आठ कोनी कापडी डबा. ४८ इंची, एका बाजूने, जरा वरून, चेहऱ्याला जी गोलाई येते ती फ्लॅशचा उजेड पसरवणाऱ्या छत्रीत नाही येत, आणि ग्रिड (पुढची कापडी जाळी) लावलं की बॅकड्रॉपवर उजेड सांडत नाही. काळा टक्स (टक्सिडो सूट) पण मस्त दिसतो त्यात.

पण हे सगळं एकटा माणूस समोर असताना. जोडी एकमेकांकडे थोडी वळून उभी राहते आणि दोघांतला उंच जर लाईटच्या बाजूला आला तर त्याची सावली सरळ दुसऱ्याच्या गालावर पडते. एका प्रॉमला माझं हेच झालं, मागे लांबच लांब लाईन, प्रत्येक जोडीला बाजू बदला सांगायचं, मग मुलीच्या मनगटावरचा कोर्साज (फुलांचा छोटा गुच्छ) मागे लपतो, तो पुन्हा पुढे आणायचा, आणि तोवर त्यांचं ते छान हसू गेलेलं असतं. ते परत येत नाही हो. शिवाय लाईट जवळच्यापासून ४ फूट आणि दुसऱ्यापासून ५ फूट असेल तरी जवळच्यावर दीडपट उजेड पडतो. ८ फुटांवर न्या, तेच सव्वापटीवर येतं, पण मग ऑक्टाबॉक्सचा मऊपणाही गेलाच ना.

दोन छत्र्या, दोन्हीकडून ४५ अंशात, पॉवर सारखी, कॅमेऱ्यावर एफ ८, आयएसओ ४००. कोण कुठे उभं राहिलं याची काळजीच नाही, एकीची सावली दुसरी भरून काढते. चेहरे थोडे सपाट येतात हे मान्य. डोळ्यांत दोन ठिपके दिसतात, आणि चष्मेवाल्यांना काचेत छत्र्या दिसू नयेत म्हणून स्टँड साडेसात-आठ फुटांवर चढवावे लागतात. भिंत रंगीत आणि जवळ असेल तर तो रंग चेहऱ्यावर येतो, तेवढी जागा आधी बघून ठेवा. आणि स्टँडवर ठेवायच्या सँडबॅग (वाळूच्या पिशव्या) विसरू नका, गाऊनचा घेर स्टँडच्या पायात हमखास अडकतो.

तुमच्याकडे जोडीमागे पाच मिनिटं असतील तर कदाचित ऑक्टाबॉक्सच घ्यावा, मी नाही म्हणणार नाही. माझाही अजून आहे, सीनिअर पोर्ट्रेटला (हायस्कूलच्या शेवटच्या वर्षातल्या मुलांच्या फोटोंना) तोच काढतो. प्रॉमला मात्र गाडीत छत्र्याच असतात.