गुजरीतल्या दरफलकासाठी ४.२ इंची ई-पेपर

सोन्याचा दर दिवसातून एक-दोनदाच बदलायचा, तर कोल्हापूरच्या गुजरीत, म्हणजे सराफ बाजारात, काउंटरवर ठेवायला हे काळं-पांढरं ई-पेपर मॉड्यूल (कागदासारखा दिसणारा डिस्प्ले) एक नंबर. लाइट गेली तरी आकडे जागेवर. ४०० × ३०० पिक्सेलला १५,००० बाइटचा बफर (चित्र साठवायची मेमरी) लागतो. आर्डुइनो ऊनो आर३ या कंट्रोलर बोर्डाची २ केबी रॅम पुरत नाही, जास्त रॅमचा ईएसपी३२ बोर्ड घ्या. नुसते आकडे बदलायला आंशिक रिफ्रेश (पडद्याचा तेवढाच भाग बदलणं) चालतो, पण पडद्यातले रंगकण अर्धवट सरकतात आणि कालच्या दराची सावली मागं उरते. चार-पाच वेळांनंतर पूर्ण रिफ्रेश द्याच; लुकलुकलं तर लुकलुकू दे. चित्र उमटल्यावर स्लीप कमांड (पॅनेलला झोपवायची आज्ञा) हवीच, नाहीतर पॅनेलवर जादा व्होल्टेज राहून ते कायमचं बिघडू शकतं. लाल रंगवाल्याच्या नादी लागू नका: एका बदलाला पंधरा सेकंद, गिऱ्हाईक ताटकळतंय!