कोथरूडची मंगळवारची पूल स्पर्धा: नियम झकास, वही कच्ची

मी मूळचा स्नूकरवाला. पूल म्हणजे काठीने टेबलाच्या पॉकेटात बॉल घालायचा स्नूकरचाच भाऊ; कॉलेजला दांडी मारून खेळायचा प्रकार, हे माझं जुनं मत, आणि ते अजून पुरतं गेलेलं नाही. तरी कोथरूडमधल्या एका पार्लरने मंगळवारी संध्याकाळी सुरू केलेली एट-बॉलची (आपल्या गटाचे बॉल घालून शेवटी आठ नंबरचा घालायचा, त्या पूलची) सांघिक स्पर्धा मी शेवटपर्यंत खेळलो. कारण एकच, तिचे नियम.

आधी इथे सरळ नॉकआउट असायचं. तीनशे रुपये भरा, पहिल्याच फेरीत जिल्हा गाजवलेला कुणीतरी समोर येणार, आणि चहा थंड व्हायच्या आत तुम्ही मोकळे. नवा माणूस पुन्हा कशाला फिरकतोय? म्हणून मालकांनी अमेरिकेतल्या एपीए या हौशी लीगची पद्धत उचलली. टेरी बेल आणि लॅरी हबर्ट या दोन व्यावसायिक खेळाडूंनी ती लीग उभी केली. तिथे प्रत्येकाला 2 ते 7 अशी लेव्हल मिळते. सहावाल्याची गाठ दोनवाल्याशी पडली तर सहावाल्याने सहा रॅक, म्हणजे डाव, जिंकायचे, दोनवाल्याने फक्त दोन.

एवढंच असतं तर मी हे लिहायला बसलो नसतो. मेख पुढे आहे. त्या रात्री खेळणाऱ्या पाच जणांच्या लेव्हलची बेरीज 23 च्या वर जाता कामा नये. दोन सहावाले घेतलेत की उरलेल्या तिघांना मिळून 11 उरतात. म्हणजे नवशिक्या हवाच, आणि तोही गळ घालून आणावा लागतो. माझा भाचा लेव्हल 2. एरवी त्याला कुणी खडूही धरायला दिला नसता, इथे दोन-दोन कप्तान त्याच्या मागे. एकदा त्याला सहावाला पडला. 5-1 ने पुढे असलेल्या त्या गड्याने आठ नंबरच्या बॉलमागोमाग पांढराही पॉकेटात घातला. आठबरोबर पांढरा, म्हणजे ज्याला काठीने मारतात तो बॉल, पडला की रॅक हरला. रॅक गेला आणि रॅकबरोबर मॅचही. "मामा, मी काहीच केलं नाही," हे भाचा घरी पोचेपर्यंत सांगत होता. अरे, न करता जिंकलास तरी गुण संघालाच!

लेव्हल 3 पर्यंतच्या खेळाडूला एका रॅकमध्ये दोनदा कोच बोलावता येतो, वरच्यांना एकदा. ही सोय मला फार आवडली. भर मॅचमध्ये, चूक होण्याआधी शिकायला मिळतं. पण मालकांना टीव्हीचीही हौस. मस्कोनी कप म्हणजे 1994 पासूनची युरोप विरुद्ध अमेरिका लढत, तिच्यासारखं 30 सेकंदांचं घड्याळ त्यांनी वरून चिकटवलंय. कोचला बोलायला मिनिटभर, शॉटला अर्धं मिनिट, मग घड्याळ थांबवायचं की नाही? यावर दर मंगळवारी वाद. व्यावसायिकांना ते घड्याळ शोभतं, दोनवाल्याचा त्यात नुसता थरकाप होतो. पाच आणि वरच्यांनाच लावा ना.

खरी तक्रार वहीची. मूळ पद्धतीत स्कोअर लिहिणारा फक्त कोण जिंकलं एवढंच लिहीत नाही. रॅक संपायला किती पाळ्या लागल्या आणि त्यात बचावाचे शॉट किती, तेही टिपतो, आणि लेव्हल त्यावरून ठरते. लेव्हल खाली राहावी म्हणून मुद्दाम चुकवणारा गडी त्यात बऱ्यापैकी सापडतो. इथल्या वहीत फक्त निकाल. लेव्हल मालक नजरेने देतात, आणि त्यांची नजर बहुतेक वेळ गल्ल्यावर. त्यामुळे ब्रेक (रॅकचा पहिला फटका) करून सगळा रॅक एकट्याने साफ करणारा एक इसम अजून "तीनवाला" म्हणून हिंडतोय. असे आणखी दोघं आले की 23 च्या नियमाचा खेळखंडोबा.

टेबलं ठीक आहेत. खिडकीजवळचं टाळा, बॉल डावीकडे ओढतो. पार्लरचे बरे क्यू (खेळायच्या काठ्या) सातच्या आत संपतात. नवीन असाल तर बिनधास्त जा, फक्त पहिल्या दिवशी चमकायला जाऊ नका, नाहीतर चारवर बसवतील आणि कप्तान ओळख दाखवणार नाहीत. माझ्याकडून पाचपैकी साडेतीन. पाळ्या मोजायला लागले की चार देईन.