सांस्कृतिक सक्षमता की सांस्कृतिक सुरक्षितता: नर्सिंग-मेडिकलला काय शिकवावं?

मूलनिवासी रुग्णांशी कसं वागावं हे शिकवायचं ठरलं आणि तास मोजकेच मिळाले, की दोन वाटा समोर येतात: सांस्कृतिक सक्षमता आणि सांस्कृतिक सुरक्षितता. नावं जुळी भावंडं वाटतील. प्रत्यक्षात शिकवायचा विषयच वेगळा आहे.

सक्षमतेच्या वर्गात अभ्यास होतो तो रुग्णाचा. इतिहास, नातेसंबंध, मृत्यूनंतरचे रिवाज. मांडायला सोपं, ऑनलाइन देता येतं, परीक्षाही घेता येते. यातलं सगळं टाकाऊ नाही. कॅनडाच्या सत्य व सलोखा आयोगाने २०१५ मध्ये वैद्यकीय आणि नर्सिंगच्या विद्यार्थ्यांना, मूलनिवासी मुलांना घरापासून तोडून ठेवणाऱ्या निवासी शाळांचा इतिहास सक्तीने शिकवायला सांगितलं. लहानपणी घरातून उचलून अशा शाळेत टाकलेली आजी दवाखान्यात का बिचकते, हे त्याशिवाय कळायचं कसं? गडबड होते ती माहितीचे शिक्के बनले की. ‘अ‍ॅबोरिजिनल रुग्ण नजरेला नजर देत नाहीत’ एवढंच ऑस्ट्रेलियाच्या मूलनिवासींबद्दल पाठ केलेला विद्यार्थी मग प्रत्येकाशी भिंतीकडे बघून बोलतो.

सुरक्षिततेची कल्पना माओरी (न्यूझीलंडच्या मूलनिवासी) परिचारिका इरिहापेती राम्सडेन यांची. न्यूझीलंडच्या नर्सिंग कौन्सिलने १९९२ मध्ये ती शिक्षणात अनिवार्य केली. इथे अभ्यास विद्यार्थ्याचा स्वतःचा: त्याचे पूर्वग्रह, त्याच्या हातातली सत्ता. सेवा सुरक्षित वाटली का, हे ती घेणाऱ्याने सांगायचं. ऑस्ट्रेलियातल्या आरोग्य व्यावसायिकांच्या नियामकांनीही याच धर्तीची व्याख्या स्वीकारली आहे.

फरक एका प्रश्नात दिसतो. “गोळ्या वेळेवर घेता ना?” “हो.” पहिला वर्ग सांगतो, हा ‘हो’ होकार नसेलही, विषय संपवण्यासाठी असेल. दुसरा वर्ग विचारतो, ‘हो’शिवाय उत्तरच नसलेला प्रश्न तुम्ही विचारलातच का?

माझा कौल दुसऱ्याला, पण एका अटीवर: शिकवणारा तयारीचा हवा, शक्यतो मूलनिवासी, आणि कामाचे पैसे घेणारा. नवख्याच्या हाती हा वर्ग गेला, तर अर्धे विद्यार्थी अपराधी होऊन बसतात, उरलेले भांडतात. तसा माणूस नसेल आणि एकच दुपार मिळणार असेल, तर रिवाज सोडा, इतिहास नीट शिकवा.

दोन्ही सांधणारा नमुना हवा असेल, तर न्यूझीलंडमधल्या ओटागो विद्यापीठाच्या ख्राइस्टचर्च शाखेतली ‘हुई’ पद्धत बघा. माओरी सभेच्या रीतीवर बेतलेली: अभिवादन, ओळखीचा धागा जोडणं, मग काम, मग निरोप. कुठे दुखतंय हे विचारण्याआधी आपण कुठले, हे विद्यार्थ्याने सांगायचं.